सेठ नाऊमल यांचा वारसा : एका व्यापारी घराण्याच्या कागदपत्रांतून उलगडणारे कराची

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी मुलांच्या वर्गात, खेळात आणि शेजारात सिंधी आडनावे हमखास असतात. अडवाणी, मीरचंदानी, लालवानी, भोजवानी ही नावे कानांना इतकी सवयीची झालेली असतात की त्यांच्या शेवटी येणाऱ्या ‘आनी’ या प्रत्ययाकडे कोणी थांबून पाहत नाही. मराठी आडनावातील ‘कर’ जसा गाव सांगतो, तसा सिंधी आडनावातील हा प्रत्यय पूर्वज सांगतो. पुणेकरांचे मूळ पुण्यात शोधावे. भोजवानींचे मूळ मात्र भोजूमल नावाच्या माणसात शोधावे लागते. कागद फाटतो, वाडा कोसळतो, गाव सोडावे लागते. परंतु आडनाव माणसाबरोबर चालत राहते. घराण्याच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्याला मिळणारा पहिला दस्तऐवज बहुधा हाच असतो आणि तो प्रत्येकाच्या घरी विनामूल्य उपलब्ध असतो.

हा भोजूमल कोण होता, हे आज सांगता येते याचे कारण त्याच्या वंशात पुढे जन्मलेला एक व्यापारी आपल्या उतारवयात लिहायला बसला. त्याचे नाव सेठ नाऊमल होतचंद. जन्म १८०४ सालचा, मृत्यू १८७८ सालचा. व्हिक्टोरिया राणी १८३७ मध्ये गादीवर आली तेव्हा नाऊमल तेहतीस वर्षांचे होते, आणि १८७७ मध्ये तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले तेव्हा ते आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर होते. त्यांच्या कर्तेपणाचा सारा काळ हा तिच्या राजवटीचा काळ होय. त्यांनी आपल्या आठवणी सिंधी भाषेत लिहिल्या. ते लिखाण घरात राहिले. पुढे त्यांचे नातू रावबहादुर आलूमल त्रिकमदास भोजवानी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, सिंधचे माजी कमिशनर सर इव्हान जेम्स यांनी त्याचे संपादन केले, आणि १९१५ मध्ये इंग्लंडातील एक्झेटर येथे ते खाजगी वितरणासाठी छापले गेले. आजोबांनी लिहिलेले नातवाने वाचले, दुसऱ्या भाषेत उतरवले आणि छापून घेतले; म्हणूनच ते जगाच्या हाती आले. हा धागा एका पिढीत तुटला असता, तर एका महानगराच्या जन्मकथेतील पहिले पान कोरे राहिले असते.

त्या जन्मकथेचा आरंभ नाऊमल आपल्या घराण्यापासूनच करतात. हब नदीच्या मुखाजवळ खडक बंदर नावाचे एक जुने बंदर होते. तेथे भोजूमल यांचा व्यापार चाले. नदीच्या गाळाने बंदराचे तोंड भरत गेले आणि गलबते आत येईनाशी झाली. तेव्हा १७२९ च्या सुमारास तेथील व्यापाऱ्यांनी नवी जागा शोधली. ती जागा म्हणजे कोळ्यांची वस्ती असलेली कोलाची, म्हणजेच आजची कराची. व्यापाऱ्यांनी तेथे माती आणि लाकूड वापरून तटबंदी उभारली आणि तिच्यावर मस्कतहून आणलेल्या तोफा चढवल्या. तटाला दोन मुख्य दरवाजे होते. समुद्राकडच्या दरवाजाच्या बाजूचे पाणी खारे, म्हणून तो खारादर. ल्यारी नदीकडच्या दरवाजाच्या बाजूचे पाणी गोडे, म्हणून तो मिठादर. तटबंदी केव्हाच नाहीशी झाली आहे. आजच्या कराचीत मात्र खारादर आणि मिठादर या नावांचे मोहल्ले गजबजलेले आहेत. कागद आणि जमीन या दोहोंची साक्ष एकमेकींशी जुळते, तेव्हा इतिहासाच्या अभ्यासकाला दिलासा मिळतो. तसा दिलासा येथे मिळतो.

भोजूमल यांच्या वंशजांचा व्यापार पेढ्या आणि गुमास्ते यांच्या जाळ्यावर उभा होता. घराण्यातील कर्ता पुरुष मूळ गावी बसे आणि विश्वासातले गुमास्ते बंदरोबंदरी बसत. सोनमियानी, मस्कत, मुंबई आणि वायव्येकडची काबूल-कंदाहार ही शहरे त्या जाळ्यात गुंफलेली होती. पैसा थैलीत घालून उंटावरून नेणे धोक्याचे, म्हणून हुंडी चाले. एका गावी रक्कम भरावी, चिठ्ठी घ्यावी आणि शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या गावी ती दाखवून रक्कम उचलावी. ही सारी उलाढाल हुंडीखालच्या नावाच्या पतीवर चालत असे. व्यापारी घराणी आपल्या वह्या जिवापाड का जपत, हे यावरून उमजते. वही हे त्या पतीचे शरीर होते.

या वह्या वाचणे मात्र सोपे नव्हते. सिंधी व्यापारी ज्या हटवाणिका लिपीत हिशेब लिहीत, तिच्यात स्वरचिन्हे जवळजवळ नसत. लिहिणाऱ्याला संदर्भ ठाऊक असे, वाचणारा त्याच पेढीतला असे. त्यामुळे काम अडत नसे. उत्तर हिंदुस्थानातील महाजनी लिपीविषयी एक गोष्ट पूर्वापार सांगितली जाते. शेठजी अजमेरला गेले आहेत, मोठी वही पाठवून द्या, असा निरोप पेढीवरून घरी गेला. काना-मात्रा नसलेली ती चिठ्ठी घरच्यांनी वाचली ती अशी : शेठजी आज मरण पावले, मोठ्या सुनेला पाठवून द्या. घरात रडारड सुरू झाली. गोष्ट विनोदाची असली, तरी घराण्याचे कागद वाचू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. मराठी घरांतील मोडी दफ्तरांबाबतही अनुभव असाच येतो. आजोबांच्या हस्ताक्षरातील एक वळण चुकीचे वाचले, तर रकमेचा आकडा, माणसाचे नाव आणि कधी कधी घराण्याची कहाणीच बदलून जाते.

नाऊमल यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग १८३२ च्या सुमारास घडला. सिंधवर तेव्हा तालपूर मीरांचे राज्य होते. १७९५ मध्ये कराची मीरांच्या ताब्यात आली, तेव्हा शहराच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्यांत याच घराण्याचा पुढाकार होता, असे आठवणींत नमूद आहे. दरबारात त्यांचा मान होता. परंतु एका धार्मिक तंट्याचे लोण कराचीपर्यंत पोहोचले आणि त्यात नाऊमल यांचे वडील होतचंद यांना पकडून नेण्यात आले. काही दिवसांनी ते सुटून आले. त्या काळात त्यांची जी विटंबना झाली, तिची जखम त्यांच्या आणि मुलाच्याही मनातून कधी भरून आली नाही. ज्या राज्यकर्त्यांची सेवा पिढ्यान्‌पिढ्या केली, त्यांनी ऐनवेळी पाठीशी उभे राहायला हवे होते आणि ते राहिले नाहीत, हे शल्य नाऊमल यांच्या लेखनात शेवटपर्यंत टोचत राहते.

याच पार्श्वभूमीवर १८३८ साल उजाडले. अफगाणिस्तानवर स्वारी करण्यासाठी सर जॉन कीन यांच्या हाताखालची मुंबईची फौज सिंधूच्या मुखाशी विक्कर येथे उतरली. फौजेला उंट हवे होते, धान्य हवे होते, होड्या हव्या होत्या. मीर मनापासून मदत करायला तयार नव्हते आणि त्यांच्या धाकाने गावकरीही पुढे येत नव्हते. नाऊमल यांनी आपले गुमास्ते, आपली पत आणि आपली ओळख वापरून फौजेची सोय केली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८३९ मध्ये, वेलस्ली ही चौऱ्याहत्तर तोफांची युद्धनौका कराचीच्या मुखाशी आली. मनोऱ्याच्या किल्ल्यावरून एक तोफ उडताच नौकेने किल्ल्याची समुद्राकडची भिंत पाडून टाकली. किल्ल्यावर शिबंदी अगदी मोजकी होती, आणि तो बार केवळ इशाऱ्याचा होता असेही त्या घटनेविषयी सांगितले जाते. कराची इंग्रजांकडे गेली. फेब्रुवारी १८४३ मध्ये मियानीच्या लढाईत चार्ल्स नेपियरने मीरांचा पराभव केला आणि सिंधचे राज्य संपले.

१८५७ च्या सप्टेंबरात कराचीतील एकविसाव्या देशी पलटणीचा उठावाचा बेत उघडकीस आला. काही शिपायांना फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले. त्या अस्वस्थ महिन्यांत आपण सरकारला बातम्या पुरवल्या, असे नाऊमल स्वतः नोंदवतात. सरकारने त्यांच्या सेवेची कदर केली आणि त्यांना ‘कंपॅनियन ऑफ द स्टार ऑफ इंडिया’ हा किताब दिला. छापील पुस्तकाच्या नावातही त्यांच्या नावापुढे हा किताब मिरवतो.

येथे वाचक थबकतो. आजोबांचा हा किताब नातवाने अभिमानाने छापला. परंतु आज तीच आठवण वाचताना दुसरा शब्द मनात येतो, आणि सिंधमधील अनेक लेखकांनी तो नाऊमल यांच्याविषयी उघडपणे वापरलाही आहे. तो शब्द म्हणजे फितुरी. सिंध परक्यांच्या हाती गेली त्यात ज्यांनी हातभार लावला, त्यांत नाऊमल यांचे नाव घेतले जाते. घराण्याच्या पूर्वजाचा शोध घेणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. देवघराशेजारी टांगलेल्या तसबिरीतला पुरुष कागदांतून समोर येतो, तेव्हा तो तसबिरीसारखा दिसत नाही. अशा वेळी कागद पुन्हा पेटीत घालून कुलूप लावण्याचा मोह होतो. दुसरा मोह पूर्वजाची वकिली करण्याचा, तर तिसरा त्याला एका शब्दात निकालात काढण्याचा. तिन्ही मोह टाळून त्या माणसाला त्याच्या काळात उभे करणे, हे इतिहासाचे काम होय. अपमानित पित्याचा मुलगा, पत सांभाळणारा व्यापारी आणि वारा कोणत्या दिशेने वाहतो हे ओळखणारा बंदरावरचा माणूस, असे तिघेही नाऊमल यांच्यात होते. त्यांच्या मदतीचा परिणाम मात्र त्यांच्या घरापुरता मर्यादित राहिला नाही. तो साऱ्या प्रांताला भोगावा लागला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करण्याचे धैर्य इतिहास वाचणाऱ्यापाशी असावे लागते.

या आठवणी कशा वाचाव्यात याचा विचार केला, तर कोणत्याही घराण्याच्या कागदपत्रांना लागू पडणारे काही प्रश्न हाती येतात. पहिला प्रश्न, हे केव्हा लिहिले? नाऊमल यांनी लिहिले तेव्हा इंग्रजी राज्य पक्के झाले होते आणि त्यांचा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर ठरला होता. चाळीस वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्या माणसाला आपली वाट आधीपासूनच सरळ होती असे वाटू लागते. दुसरा प्रश्न, हे आपल्यापर्यंत कोणामार्फत आले? मूळ सिंधी, त्यावरून इंग्रजी, आणि त्यावर एका इंग्रज अधिकाऱ्याचा संपादकीय हात. प्रत्येक टप्प्यावर शब्दाचा रंग थोडा बदलणारच. तिसरा प्रश्न, दुसरी साक्ष कोणती? इंग्रजी नाविक दलातील कमांडर कार्लेस यांनी १८३८ मध्ये कराची बंदराचा आणि व्यापाराचा अहवाल लिहिला. त्यात गावाची वस्ती सुमारे १४,००० असल्याचा अंदाज आहे. नाऊमल यांच्या घराण्याचे वैभव या छोट्या परंतु जागत्या बंदराच्या चौकटीत ठेवून पाहिले, म्हणजे त्याचे माप नीट कळते.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. या कागदांत कोण नाही? १७२९ ही कराचीच्या स्थापनेची तारीख शहराच्या कित्येक इतिहासांतून पुन्हा पुन्हा येते. तिचा उगम याच घराण्याच्या आठवणींत आहे. एका कुटुंबाची स्मृती अशा रीतीने एका शहराची जन्मतारीख होऊन बसली. परंतु भोजूमल आपली गलबते घेऊन आले, तेव्हा तेथे कोळ्यांची वस्ती होतीच. शहराचे नावही त्या वस्तीवरूनच आले. मासेमारी करणाऱ्या माई कोलाचीची कथा कराचीत आजही सांगितली जाते. त्या कोळ्यांपाशी जाळी होती, होड्या होत्या, गाणीही असतील, वही नव्हती. म्हणून त्यांचा काळ ‘त्यापूर्वी’ या एका शब्दात संपतो. सामान चढवणारे हमाल, उंट हाकणारे जत, गलबतावरचे खलाशी आणि पेढीच्या मागच्या घरात संसार चालवणाऱ्या स्त्रिया यांचीही गत तीच. आणखी एक मौन आहे. त्या काळात माळव्याची अफू पालीमार्गे थरचे वाळवंट ओलांडून कराचीला येई, तेथून दमणला जाई आणि पुढे चीनला रवाना होई. कराचीच्या भरभराटीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. एकोणिसाव्या शतकातील पश्चिम हिंदुस्थानच्या कोणत्याही व्यापारी घराण्याचा अभ्यास करताना जमेच्या बाजूला दिसणाऱ्या रकमा कोठून आल्या आणि त्यांची किंमत दूरदेशी कोणी मोजली, हे विचारल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

१९४७ मध्ये या साऱ्या कागदांवर आणखी एक आघात झाला. सिंधमधील बहुसंख्य हिंदू कुटुंबांना घरे सोडावी लागली. आगबोटीवर चढताना माणसांनी दागिने घेतले, देव घेतले, मुलांचे हात घट्ट धरले. हिशेबाच्या जाडजूड वह्या मागे राहिल्या. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत हजारो कुटुंबे येऊन राहिली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथे आणि अजमेर, इंदूर, अहमदाबाद अशा शहरांत नव्याने दुकान मांडणाऱ्या कुटुंबांपाशी पूर्वजांचा पुरावा म्हणून बहुधा आडनाव तेवढे उरले होते. भोजवानींच्या वाट्याला एक छापील पुस्तक आले, हे त्यांचे भाग्य. बाकीच्यांच्या आजोबांच्या आठवणी आजोबांबरोबरच गेल्या.

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची स्थितीही यापेक्षा फार निराळी नाही. कोणी शिंदे-होळकरांच्या फौजेबरोबर आले, कोणी रेल्वेच्या नोकरीत, कोणी बँकेच्या बदलीने. मूळ गावचा वाडा विकला गेला, मोडी वाचणारे हात थकले, आणि ‘आमचे पणजोबा येथे कसे आले’ या नातवंडाच्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस घरात उरले नाही. तरीही शोधाच्या वाटा बंद झालेल्या नसतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया आणि हरिद्वार येथील तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे आणि गावे सापडू शकतात. अनेक कुळांचे कुलवृत्तांत छापले गेले आहेत. मृत्युपत्रे, खरेदीखते, सेवापुस्तिका, लग्नपत्रिका आणि जुन्या छायाचित्रामागे पेन्सिलीने लिहिलेली तारीख यांपैकी काही ना काही प्रत्येक घरात असते. सर्वांत नाशवंत दस्तऐवज म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांची आठवण. ती आधी लिहून घ्यावी. कागद थोडे थांबू शकतात.

नाऊमल यांच्या कराचीशी मराठी शाळांचे एक नाते आहे, आणि हीरक महोत्सवाच्या निमित्ताने ते सांगणे उचित ठरेल. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीत १८५५ मध्ये सरकारी शाळा सुरू झाली. तिला पुढे ज्यांचे नाव मिळाले ते नारायण जगन्नाथ वैद्य मराठी गृहस्थ होते. सिंधच्या शिक्षणखात्यात डेप्युटी इन्स्पेक्टर या नात्याने त्यांनी काम केले. व्यापाऱ्यांच्या ज्या लिपीत स्वरांचा पत्ता नव्हता, तिला शाळेत शिकवता येईल असे व्यवस्थित रूप देण्याची जबाबदारी १८६८ मध्ये याच वैद्यांवर सोपवण्यात आली होती. अरबी-फार्सी वळणाची सिंधी लिपीच पुढे रूढ झाली आणि वैद्यांचा तो प्रयत्न मागे पडला. तरी त्यामागची दृष्टी मोलाची होती. पेढीतल्या चार माणसांनाच वाचता येणारे अक्षर गल्लीतल्या कोणत्याही मुलाला वाचता यावे, यासाठी एक मराठी शिक्षणाधिकारी परप्रांतात झटत होता. त्यांच्या नावाची शाळा कराचीत आजही उभी आहे.

कराचीच्या कोळ्यांपाशी वही नव्हती, हे वर आलेच आहे. शाळेची थोरवी याच ठिकाणी जाणवते. शाळेच्या दफ्तरात एक जाड पुठ्ठ्याचे जनरल रजिस्टर असते. त्यात विद्यार्थ्याचे नाव, पालकाचे नाव, जन्मतारीख, मूळ गाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण यांची नोंद होते. दुकानदाराचा मुलगा, शिपायाची मुलगी, बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याची जुळी मुले यांना तेथे एकेक ओळ मिळते आणि प्रत्येक ओळीची लांबी सारखीच असते. साठ वर्षांची ही रजिस्टरे म्हणजे शेकडो घराण्यांच्या इतिहासाचे पहिले पान होय. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात कोणी एका वाक्यात लिहिलेली वडिलांची बदली, कोणाचे दुकान बंद पडणे, कोणाच्या मोठ्या बहिणीचे लग्न, ही सारी पुढच्या एखाद्या नातवासाठी ठेवलेली चिठ्ठीच आहे.

ती चिठ्ठी पुढे नीट वाचली जाईल की अजमेरला गेलेले शेठजी पुन्हा एकदा मरण पावतील, हे मधल्या पिढीवर अवलंबून आहे. नाऊमल यांना आलूमल लाभले. कारकिर्दीचे बरेवाईट दोन्ही त्यामुळे उजेडात आले आणि त्यावर वाद घालणेही शक्य झाले. प्रत्येक घरात एक आलूमल असावा, त्याने आजी-आजोबांशेजारी वही उघडून बसावे, आणि जे सांगितले जाईल ते गोड असो वा कडू, काना-मात्रेसकट उतरवून घ्यावे. हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एवढा एक संकल्प केला, तर शाळेच्या रजिस्टरातील त्या सारख्या लांबीच्या ओळींना पुढे आपापली प्रकरणे मिळतील.